दसऱ्यापर्यंत उतरवायचं वजन

धारला आमच्या गल्लीत आम्हा दोघा भावांना मिळून एकच नाव होतं, ‘दस’. बारीक धाकटा म्हणजे एक आणि गोल मी म्हणजे शून्य. सकाळी शाळेला निघालो की कोपऱ्यावरचा पोहेवाला झारा हलवत ओरडायचा, “आ गए अपने दस!” एखाद्या दिवशी मी पुढे आणि भाऊ मागे असला, तर म्हणायचा, “आज जीरो आगे है, आज धंदा नहीं होगा भिया!” भाऊ खो खो हसायचा. मीही हसायचो. न हसता पुढे गेलो तर ते नाव आणखीच चिकटेल, एवढं त्या वयातही मला कळत होतं.

आम्ही एकाच आईचे, एकाच पातेल्यातलं खाऊन वाढलेले. उलट तोच माझ्यापेक्षा जास्त खायचा. सकाळी पोहे, त्यावर मूठभर शेव, सोबत जिलबी, आणि घरी आला की पुन्हा तूप-गूळ-पोळी. घरात कणकेच्या गोळ्यांचे बाफले झाले की तुपात बुडवलेले चार तो संपवायचा, मी दोनावर थांबायचो. तरी त्याची चड्डी पट्ट्याने आवळावी लागे आणि माझ्या चड्डीची शिवण उसवून आई ती सैल करत बसे. तूप वाढताना ती त्याच्या पानात वाटीच कलंडवायची. “याच्या अंगी लागतच नाही बाई काही. जातं तरी कुठे!” माझ्या पानाशी आली की म्हणायची, “तुला पुरे. तुझ्या तर नुसत्या वासानेही अंगी लागतं.” त्यात दुष्टावा नव्हता. मी वडिलांच्या आत्याच्या वळणावर गेलो आहे, अशी तिची समजूत होती. ती आत्या घरातल्या जुन्या फोटोत दोन माणसांची जागा घेऊन बसलेली दिसते.

शेजारपाजारच्यांना वाटायचं, हा चोरून खात असणार. मी चोरून खात नव्हतो. पण वर्षानुवर्षं तेच ऐकल्यावर मलाही वाटायला लागलं की कुठेतरी, केव्हातरी, माझ्याही नकळत मी खात असेन. ती शंका अजून गेलेली नाही. पुढे जे घडलं ते सांगताना हे सांगणं भाग आहे, कारण स्वतःच्या भुकेबद्दल मी खरं बोलतो की नाही, हे माझं मलाच नक्की ठाऊक नाही.

नोकरीसाठी मी देवासला आलो, कारखान्यात लागलो, पाळ्यांमध्ये आयुष्य गेलं. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. वजन वाढत गेलं. भाऊ धारलाच राहिला, सरकारी कचेरीत चिकटला आणि काडीसारखाच राहिला. त्याला एक मुलगी. आम्हाला मूल नाही, त्यामुळे तिच्या शाळेच्या सुट्ट्या देवासला आमच्याकडे जायच्या. तिचं मराठी हिंदीत भिजलेलं. वाचायला दिलं तर अक्षरं जुळवत बसते, पण बोलायला लागली की थांबत नाही. अंगाने बापावर गेलेली. माझ्या बायकोने केलेल्या पुरणपोळ्या ती मोजायची सुद्धा नाही.

तीन वर्षांपूर्वी थंडी संपता संपता भावाचे डोळे पिवळे झाले. मग पोटात पाणी व्हायला लागलं. हातपाय आणखी वाळले आणि पोट मात्र पुढे आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं पोट माझ्यापेक्षा मोठं दिसत होतं. तो पोहेवाला आता म्हातारा झाला आहे, त्याला काय माहीत. तो म्हणाला, “क्या बात है भिया, सेठ बन गए!” भाऊ त्यावरही हसला.

इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्याचं शरीर स्वतःच्याच लिव्हरवर उलटलं आहे. दारूचा थेंबही न घेतलेल्या माणसाला येणारे-जाणारे दबक्या आवाजात विचारत, “पीते थे क्या?” औषधांचा उपयोग थांबला होता. जिवंत माणसाच्या लिव्हरचा तुकडा काढून त्याला लावायचा, दोघांच्याही पोटात तो पुन्हा वाढतो, एवढाच रस्ता उरला होता. भावजयीचा रक्तगट जुळत नव्हता. आईचं वय झालेलं. जुळत होतो मी, आणि जुळत होती त्याची मुलगी.

धारच्या घरी ओट्यावर बसून त्याने मला सांगितलं, “दादा, एक ऐक. माझ्या पोरीच्या पोटाला सुरी लागता कामा नये. नाहीतर मला असंच जाऊ दे.”

“मी असताना तिचा प्रश्न येतोच कुठे?” मी म्हणालो.

“वचन दे.”

“दिलं.”

“तुझं लिव्हर मला बसेल का पण? डबल एक्सेल साइज!” असं म्हणून तो हसला आणि हसताना त्याला धाप लागली.

तपासण्या झाल्या. रक्त ठीक, हृदय ठीक, लिव्हरमध्ये चरबी. डॉक्टर शांतपणे म्हणाले की असं लिव्हर कापलं तर मला धोका आणि लावलं तर त्याला धोका. पण चरबी उतरते. वजन दहा-बारा किलो खाली आणा, दसऱ्यानंतर पुन्हा तपासू. तोपर्यंत तुमचा भाऊ तग धरेल असं वाटतं. हे ज्येष्ठात झालं. मी बाहेर आलो तेव्हा मला बरंच हलकं वाटत होतं. काम ठरलं होतं, मुदत ठरली होती, आणि ते काम करणारा मी होतो.

त्याच रुग्णालयात त्यांनी मला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बाई इंदूरच्याच, मराठी, तिशी-पस्तिशीच्या. आणि चांगल्याच जाड. मी खुर्चीवर बसलो आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: हिला स्वतःचं जमलं नाही, ही मला काय सांगणार?

आयुष्यभर लोकांनी मला ज्या नजरेने पाहिलं, त्याच नजरेने मी तिला पाहिलं. ते तिलाही कळलं असावं. ती म्हणाली, “मला बघून पेशंट काय विचार करतात ते मला माहीत आहे, सर. माझ्या आईला बघाल तर मी बारीक वाटेन. चला, आता तुमचं बोलू.”

मग तिने विचारलं, “भाऊ बारीक आहे ना? तो बसल्या बसल्या पाय हलवतो का?”

मी चकित झालो. तो लहानपणापासून पाय हलवतो. जेवताना, अभ्यास करताना, कचेरीतल्या खुर्चीवरही. आई त्याच्या गुडघ्यावर चापट मारून म्हणायची, पाय हलवू नको, घरातली लक्ष्मी जाते.

“तेच,” ती म्हणाली. “त्याचं शरीर जास्तीचं असं उडवून टाकतं, त्याला न विचारता. तुमचं साठवतं, तेही तुम्हाला न विचारता. भूक किती लागावी, पोट भरल्याचं डोक्याला कधी कळावं, हे बरंचसं जन्मासोबत येतं. त्यात तुमच्या रात्रपाळ्या. झोप मोडली की भूक वाढते, आणि तीसुद्धा गोड-तेलकटाची. दोघांना एकच ताट वाढलं तरी दोन शरीरं त्याचं सारखं काही करत नाहीत.”

एवढ्या वर्षांत हे कुणी मला असं सांगितलं नव्हतं. पण ती थांबली नाही. “पहिले तीन-चार किलो पटकन जातील. मग शरीर घाबरतं. दुष्काळ आला असं त्याला वाटतं. खर्च कमी करतं आणि भूक वाढवतं. पुढचे किलो भांडून काढावे लागतील. उपास करता का?”

“अधूनमधून.”

“करायचाच असेल तर ताक, काकडी, एखादं फळ. साबूदाणा, बटाटा, दाण्याचं कूट, तूप, फराळी मिक्चर, काही नको. आपल्याकडे माणूस उपासाच्या दिवशी सगळ्यात जास्त खातो.”

मी मान डोलावली. पण तिचं सगळं बोलणं मी त्या पहिल्या विचाराच्या चाळणीतूनच ऐकलं होतं. ‘माझा दोष नाही’ हे सोयीचं तेवढं त्यातून खाली आलं. साबूदाण्याचं वरच राहिलं.

भावजयीवरचा भार कमी व्हावा म्हणून आम्ही आईला देवासला आणलं. ती आली ती देवघरातले टाक फडक्यात बांधून. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी मला समोर बसवून म्हणाली, “मी देवापाशी बोलले आहे. माझ्या गोळ्या चालू आहेत, मला उपास झेपत नाहीत. तू धर. तू थोरला आहेस. दोन्ही एकादश्या, चतुर्थी, सोमवार, गुरुवार, आणि नवरात्र पुरं. त्याला आयुष्य मिळेल आणि तुझंही वजन उतरेल. एका कामात दोन्ही.”

मला ते पटलं. यात हसण्यासारखं काय आहे ते आज दिसतं, तेव्हा दिसलं नाही. आमच्या घरात उपास म्हणजे कमी खाणं असं कुणी कधी मानलंच नव्हतं. उपास म्हणजे धान्य सोडणं. धान्य सोडलं की माणूस शुद्ध झाला. मग साबूदाणा, मोरधन म्हणजे भगर, राजगिऱ्याच्या पुऱ्या, बटाट्याचा कीस, दाण्याची आमटी, शिकरण, यातलं पोटभर काहीही चालतं. ते खाणं खाण्यात धरलं जात नाही.

इतर दिवशी मी काटेकोर होतो. हे मी शपथेवर सांगेन. सकाळी उठून माताजींच्या टेकडीच्या पायऱ्या चढायचो. कारखान्याच्या कँटीनमध्ये समोसा आला की पाठ फिरवायचो. मूग, दोडका, भोपळा, दोन पोळ्या कोरड्या. पहिल्या महिन्यात खरंच किलो गेले. पँट सैल झाली, बायकोने बटण सरकवलं. भाऊ रोज संध्याकाळी फोन करायचा, हॅलो न म्हणता विचारायचा, “दादा, आज मंडी में क्या भाव है?” मी वजनाचा आकडा सांगायचो. तो म्हणायचा, “टूट रहा है, टूट रहा है. माल रोक के रखो.”

मग आकडा अडला. त्या बाईंनी सांगितलं होतं तसाच. भूक वाढली, इतकी की दुपारी मशीनसमोर उभा असताना मला आईच्या हातची फोडणी वासासकट आठवायची. आणि मग सोमवार यायचा. मग गुरुवार. मग चतुर्थी. श्रावण लागल्यावर तर आठवड्यात धान्याचे दिवस शोधावे लागत.

त्या दिवसांची मी वाट पाहायचो, हे लिहिताना मला लाज वाटते. आई ताटात खिचडी वाढायची. प्रत्येक दाणा वेगळा, तुपात न्हालेला, जिरं, हिरवी मिरची, वर खोबरं, लिंबू, आणि माळव्यातल्या रिवाजाप्रमाणे मूठभर फराळी मिक्चर. ती समोर बसून राहायची. “पोटभर खा. देवाच्या नावाचं आहे, ते बाधत नाही.” इतर दिवशी माझ्या पानात चमचाभर तूप टाकताना कचरणारी हीच बाई उपासाच्या दिवशी वाटी कलंडवायची. लहानपणी ती वाटी भावासाठी होती. पन्नाशीला आलेला मी, ती माझ्या पानावर कलंडताना बघायचो आणि मला आतून बरं वाटायचं.

बायकोच्या लक्षात आलं. एकदा आई देवघरात असताना ती हळूच म्हणाली, “अहो, त्या बाईंनी साबूदाणा नको सांगितलाय ना?”

“आईला कोण सांगणार?”

“मी सांगते.”

“नको. तिचा नवस आहे. तिला वाटेल आपल्यामुळे अडलं.”

“मग तुम्ही कमी घ्या.”

“घेतो.”

मी कमी घेतलं नाही. आईचं मन राखायचं म्हणून मी गप्प आहे, असं स्वतःला सांगितलं. ते थोडं खरं होतंही. बाकीचं खरं म्हणजे मला भूक लागलेली असायची, आणि ही एकच जागा होती जिथे मी जेवत असताना लोक म्हणायचे की मी त्याग करतोय. कँटीनमध्ये कुणी म्हणायचं, “भिया के उपास तो बड़े तगड़े चल रहे हैं, पर मालगाड़ी वहीं खड़ी है!” दुसरा त्याला गप्प करायचा, “अबे, भाई के लिए कर रहा है.” मी मान खाली घालायचो. त्यात नम्रता किती आणि चोरी किती, ते देवाला ठाऊक.

आकडा अडल्यावर भावाला फोनवर मी एक किलो कमी सांगायला लागलो. तो थकत चालला होता, फोनवरचं बोलणं अर्ध्यात सोडायचा. त्याला तेवढाच धीर, असं मला वाटलं. तो म्हणायचा, “शाबास. पोरीला सांगतो, काका घोड्यावर बसलाय.”

नवरात्रात देवासच्या टेकडीवर पाय ठेवायला जागा नसते. गावोगावचे लोक चालत येतात आणि खाली रस्ताभर मंडपांतून त्यांना फुकट खिचडीचे द्रोण देतात. मी पहाटे टेकडी चढायचो, देवीसमोर भावासाठी हात जोडायचो, आणि उतरताना कुणीतरी हातात द्रोण ठेवायचं. प्रसाद नाकारू नये. घरी आई दुसरा वाढून बसलेली असायची.

दसरा झाला. आम्ही इंदूरला गेलो. डॉक्टरांनी पुन्हा सगळं तपासलं, रिपोर्ट समोर ठेवले. मग म्हणाले, “चरबी बरीच कमी झाली आहे. मेहनत केली आहे तुम्ही. पण आम्हाला हवी तेवढी नाही उतरली. आणखी दीड-दोन महिने मिळाले असते तर झालं असतं.”

“मग द्या ना दोन महिने.”

“मी देऊ शकतो. तुमचा भाऊ नाही देऊ शकत.”

भाऊ त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर भरती होता. त्या आठवड्यात त्याच्या डोक्यावर परिणाम व्हायला लागला होता. बोलता बोलता झोपायचा, जागा झाला की कचेरीतल्या फायली मागायचा. मी जाऊन पलंगाशी उभा राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, उद्या या.” त्याचा पाय चादरीखाली हलत नव्हता.

मी बाहेर बाकावर येऊन बसलो. पुतणी शेजारी येऊन बसली. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज सकाळी किल्ल्याच्या मैदानावर धावायची. पायात तेच धावायचे बूट होते.

“काका, डॉक्टर ने बता दिया मुझे. मी टेस्ट करून घेते.”

“नाही. मी त्याला वचन दिलंय.”

“बाबांना आत्ता काही कळत नाहीये. और जब समझ में आएगा, तब तक हो चुका होगा.”

“मी आणखी उतरवतो गं. दोन आठवडे मी काहीच खात नाही. पाण्यावर राहतो.”

तिने माझ्या हातावर हात ठेवला. “आपने ट्राय किया ना काका. बस. आता माझा नंबर.”

तिच्या सगळ्या तपासण्या उत्तम आल्या. लिव्हरमध्ये चरबीचा मागमूस नाही. डॉक्टर खूश झाले. पोहे-जिलबी-शेव खाऊन वाढलेली मुलगी, आयुष्यात एक दिवस उपास न केलेली. कायद्याच्या माणसांनी तिला एकटीला बसवून विचारलं, कुणी दबाव आणला का. ती नाही म्हणाली. मला कुणी विचारलं नाही.

शस्त्रक्रिया सकाळी सुरू झाली. आई माझ्या शेजारी जपमाळ घेऊन बसली होती. भावजय भिंतीकडे तोंड करून उभी. दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की दोघेही ठीक आहेत. आईने माळ कपाळाला लावली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, “तुझे उपास फळले रे.”

तेव्हा मी तिला काही सांगितलं नाही. नंतरही नाही.

भाऊ वाचला. शुद्धीवर आल्यावर, कोणी दिलं हे कळल्यावर, तो भिंतीकडे वळला आणि दिवसभर कुणाशी बोलला नाही. माझ्याशी पहिल्यांदा बोलला तेव्हा एवढंच म्हणाला, “जाऊ दे दादा. तुझ्या हातात नव्हतं.” त्या वर्षीची भरती पुतणीच्या हातून गेली. वजन उचलायचं नाही, धावायचं नाही. पुढच्या वर्षी ती मैदानात उतरली, पण पूर्वीचा दम परत आला नाही. आता ती धारमध्ये एका खासगी शाळेत लहान मुलांना शिकवते. तक्रार करत नाही. ती करत नाही म्हणूनच मला तिच्यासमोर बसवत नाही.

मी एकदा इंदूरला गेलो असताना त्या आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. कशासाठी गेलो ते तिला आधी कळलं नाही. मी उपासांचं सगळं सांगितलं. मग विचारलं, “ते खाल्लं नसतं तर उतरलं असतं का?”

तिने बराच विचार केला. “सांगता येत नाही, सर. कदाचित उतरलं असतं. कदाचित तुमच्या शरीराने तेव्हाही हट्ट केला असता. काही शरीरं करतात.”

“म्हणजे माझा दोष किती?”

“ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिच्याबद्दल पहिल्या दिवशी मी काय विचार केला होता, ते मला तिथेच सांगून टाकायचं होतं. बाहेर पुढचा पेशंट उभा होता. मी उठलो.

आता गंमत अशी की भाऊ लठ्ठ होतोय. नवं लिव्हर शरीराने नाकारू नये म्हणून त्याला कायम गोळ्या आहेत. त्यातल्या काहींनी भूक वाढते, चेहरा सुजतो. वर मरता मरता वाचलेल्या माणसाचं शरीर मिळेल ते साठवतं. गाल वर आले, हनुवटी दुहेरी झाली. पाय हलवणं परत आलं नाही. गल्लीतले म्हणतात, “भिया, अब तो खा-खा के फूल गए!”

त्याने मला फोन केला, तेव्हा आवाज पडलेला होता. “दादा, मी तेवढंच खातो रे. आधीपेक्षा निम्मं खातो. कुणाचा विश्वास बसत नाही. ही म्हणते, कचेरीत काहीतरी खात असाल.”

“माझा बसतो,” मी म्हणालो.

“तुला आयुष्यभर असं वाटायचं?”

“हो.”

तो म्हणाला, “आता आपण दस नाही राहिलो. दोन शून्यं.” आणि हसला. मला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. इतक्या वर्षांनी घरातल्या एका माणसाला कळलं होतं. पण त्याचं म्हणणं खरं धरायचं, तर ‘तुझ्या हातात नव्हतं’ ही त्याने दिलेली माफीही घ्यावी लागते, आणि ती मला घेता येत नाही. त्याने निम्मं खाल्लं होतं. मी वाटी कलंडताना पाहिली होती.

आई पुन्हा धारला राहायला गेली आहे. परवाच्या एकादशीला मी आणि बायको तिकडे गेलो. माझे उपास चालूच आहेत. नवस फेडायचा म्हणून आईने ते जन्मभराचे करून टाकले. स्वयंपाकघरात ती खिचडी परतत होती. भाऊ ओट्यावर कोणाशी तरी बोलत होता. मी पाणी प्यायला मागच्या दाराशी गेलो, तर पुतणी तिथे भांडी पुसत होती.

ती हळू आवाजात म्हणाली, “काका, एक बोलू? साबूदाण्याचं मला माहीत आहे. काकूने सांगितलं होतं.”

मी विचारलं, “कधी?”

“ऑपरेशनच्या आधीच. ज्या दिवशी आपण बाकावर बसलो होतो ना, त्याच्याही आधी.”

म्हणजे तिने माझ्या हातावर हात ठेवला, ‘आपने ट्राय किया ना’ म्हणाली, तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं.

“मग तू तेव्हा...”

“तेव्हा क्या बोलती? बाबा अंदर थे.” तिने वाटी पुसून ठेवली. “आजीला नका सांगू. कभी भी. तिला वाटतं तिच्या नवसाने बाबा वाचले. उसको यह मालूम पड़ा तो वो खाना छोड़ देगी.”

“नाही सांगणार.”

“और आप भी खाते रहो. नाहीतर ती विचारेल.”

आम्ही पानावर बसलो. आईने माझ्या ताटात खिचडी वाढली, तुपाची वाटी कलंडवली. भावाच्या ताटात मात्र आता चमचाभरच तूप पडतं. “तुला पुरे,” ती त्याला म्हणाली, “तुझ्या हल्ली लगेच अंगी लागतं.” त्याने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मी घास घेतला. चव तीच होती.

“एवढंसंच?” आई मला म्हणाली. “घे अजून. देवाच्या नावाचं आहे.” आणि पुतणीला हाक मारली, “अगं, पातेलं आण बरं इकडे.”

पितळी पातेलं, जड. उचलताना तिने क्षणभर थांबून एक हात पोटावर ठेवला, जिथे तो लांब व्रण आहे. मी आणतो म्हणून मी हात टेकून उठायला लागलो. मला उठायला वेळ लागतो. मी उभा राहीपर्यंत ती पातेलं घेऊन माझ्या पानापाशी आली होती.